पडायला शिकलो ते वर्ष

"आत्ता. आत्ता जा," सुकुमारअण्णा कानाशी म्हणाले आणि त्यांनी मला पाठीमागून ढकललं.

मी पडद्याबाहेर आलो. अंगात काळी चड्डी, काळा बनियन आणि तोंडावर अण्णांच्या बायकोने, शैलावहिनींनी, जुन्या छत्रीच्या कापडाचा शिवलेला बुरखा. बुरख्याला दोन लाल शिंगं. भोंग्यावर अण्णांचा आवाज घुमत होता, "सावधान. लहान मुलांना जवळ घ्या. पाताळातून येत आहे... महिषासुर." जयसिंगपूरच्या त्या मैदानातली पोरं खरोखरच आयांच्या पदराआड गेली. पहिल्या रांगेतली एक म्हातारी उठून चपला शोधायला लागली. मी डरकाळ्या फोडत रिंगणापर्यंत गेलो, दोराखालून आत शिरलो. आता चारी बाजूंना मुठी दाखवायच्या आणि लोकांना नाही नाही ते बोलायचं, असं ठरलं होतं.

पण तेवढ्यात माझा उजवा हात खाली गेला. फळ्यांवर अंथरलेल्या ताडपत्रीला बोटं लागली, तिथून छातीला, तिथून कपाळाला. मग मी हात जोडून चारी दिशांना नमस्कार केला.

मुद्दाम केलं नाही हो. लहानपणापासून तालमीच्या हौद्यात उतरताना मातीला हात लावून तो कपाळी लावल्याशिवाय मी पाऊल टाकलं नव्हतं. ही माती नाही, ताडपत्री आहे, हे हाताला कोण सांगणार?

मग टाळ्या पडल्या.

"वळण चांगलं हाय पोराला," कोणीतरी म्हणालं. म्हातारी चपला सोडून परत बसली. वज्रकेसरी नावाचा आमचा नायक सोनेरी झूल उडवत आला आणि त्याने ठरल्याप्रमाणे मला बुकलायला सुरुवात केली, तर लोक त्याच्याच अंगावर ओरडायला लागले.

"सोड की रं त्येला. गरीब हाय."

पडद्याआड सुकुमारअण्णा कपाळाला हात लावून बसले होते. असा आमच्या 'महाबली रेसलिंग मंडळ, जयसिंगपूर'चा पहिला खेळ झाला.

सुकुमारअण्णांचा मूळ धंदा मंडप आणि लाउडस्पीकरचा. घरोघरी केबल आली होती आणि पोरं रात्रंदिवस परदेशातल्या कुस्त्या बघत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. ते दोर, ते मुखवटे, ती नाटकं. अण्णा म्हणाले, हे आपण का करू नये? फळ्या आपल्याकडे आहेत, खांब आहेत, भोंगा आहे. पैलवान तर या मुलखात दगड उचलला की सापडतो. त्यांनी मंडपाचा धंदा मेहुण्याच्या गळ्यात मारला आणि ते पैलवान शोधायला निघाले. पण पैलवान काही सापडेना. या बाजूला एक वेळ माणूस दुसऱ्याच्या नावाने सही करील, पण ठरवून कुस्ती करणार नाही. अशा कुस्तीला आम्ही नुरा म्हणतो, आणि हा शब्द तालमीत मोठ्याने उच्चारतसुद्धा नाहीत.

मी तयार झालो, कारण माझा गुडघा गेला होता. मैदानात एका कुस्तीत तो असा निखळला, की डॉक्टरांनी मातीवर जायचं नाही म्हणून सांगितलं. कुस्तीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. मी अण्णांना एकच अट घातली. तोंड झाकलेलं पाहिजे.

अट वस्तादांमुळे होती. वारणेकाठच्या आमच्या गावात तातोबा मगदूम वस्तादांची तालीम. तिथल्या भिंतीवर प्रत्येक पैलवानाची स्वतःची खुंटी असायची आणि तिच्यावर त्याचा लंगोट. माणूस म्हातारा झाला, कुस्ती सुटली, तरी लंगोट तिथेच. तो काढायचा अधिकार फक्त वस्तादांचा. मी कळता झाल्यापासून त्यांनी एकच लंगोट काढला होता, दिनकरचा. त्याने एक नुरा कुस्ती केली म्हणून वस्तादांनी लंगोट वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या घरी पाठवला. त्याच्या आईने तो कागदासकट चुलीत घातला आणि महिन्याभरात दिनकर गाव सोडून गेला. माझे वडील मी पाळण्यात असताना वारले. मला वाढवलं ते वस्तादांनी. गुडघा गेल्यावरही माझा लंगोट खुंटीवर होता, आणि तो तिथे आहे म्हणून मी अजून पैलवान होतो. तो गेला असता तर मी कोण, हे मला सांगता आलं नसतं.

तर नमस्काराने पहिला खेळ बुडवला. दुसरा बुडवला माझ्या पाठीने.

वज्रकेसरी म्हणजे अस्लम मुजावर. कोल्हापूरच्या सिनेमांत डमी म्हणून पडायचं काम केलेला, देखणा, केसांना भारी जपणारा आणि मनाने लोण्यासारखा. त्याने मला उचलून आपटलं, माझी पाठ फळीला टेकली. पंचाने तीन आकडे मोजायचे होते आणि मी दुसऱ्या आकड्याला उसळून उठायचं होतं. पण पाठ लागली की कुस्ती संपली, हेच मला ठाऊक. मी उठलो, अस्लमचा हात धरून वर केला, त्याला मिठी मारली आणि निघालो. पंचाचा अजून 'एक' म्हणून झाला नव्हता.

"भैरूभाई," अस्लम नंतर म्हणाला, "तुमची पाठ जमिनीला घाबरते."

"घाबरणारच. आमची सगळी विद्याच पाठ लागू नये याची हाय."

"माझी विद्या ती लागल्यावर सुरू होते. उद्यापासून या."

तो मला अण्णांच्या गोदामात गाद्यांच्या ढिगावर पाडायला लागला. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात अंगाबाहेर फेकायचा, म्हणजे आवाज मोठा येतो आणि मार कमी लागतो. ऐकायला सोपं आहे. पण ज्याने उभ्या जन्मात न पडण्याची मेहनत केली, त्याला पडायला लावणं म्हणजे मांजराला पाण्यात उतरवणं. माझं अंग शेवटच्या क्षणी आपोआप वळायचं, पोटावर जायचं, निसटायचं. अस्लम न कंटाळता पुन्हा उचलायचा.

"पडणाऱ्यावर पाडणाऱ्याची अब्रू असते, भैरूभाई. तुम्ही नीट पडलात तर मी वज्रकेसरी. नाहीतर मी सांगलीचा अस्लम."

हळूहळू जमलं. एक दिवस मी असा पडलो की अण्णा चहा टाकून धावत आले, कोणीतरी मेलं म्हणून. अस्लमने माझा मुका घेतला.

नमस्काराचं मात्र काही केल्या सुटेना. अण्णांनी समजावलं, रागावले, शेवटी रडकुंडीला आले. मी शपथ घेऊन आत जायचो आणि हात खाली जायचाच. हळदी-कुंकू करून आलेल्या शैलावहिनी एकदा तिकिटं फाडता फाडता म्हणाल्या, "बोलून काय होतंय? हातच बांधा की त्याचे."

त्यांच्या माहेरचा एक मारका बैल होता, त्याची साखळी आणली. मला त्या साखळीने मागे हात बांधून आणायचं, चार जणांनी ओढायचं, आणि आत अस्लमने पहिली लाथ घातल्यावरच साखळी सोडायची. तोवर नमस्काराची वेळ टळून गेलेली असायची.

आणि काय सांगू, त्या साखळीने आमचं दैव उघडलं. माझा हात ताडपत्रीला लागू नये म्हणून केलेली सोय, पण लोकांना वाटलं हा इतका भयंकर आहे की मोकळा सोडता येत नाही. साखळीचा खणखणाट ऐकला की पोरं किंचाळायची. इचलकरंजी, कागल, तासगाव, जत्रा तिथे आम्ही. उन्हाळाभर टेंपो घराला लागला नाही. मला लोकांच्या शिव्या पडायला लागल्या आणि अण्णा त्या ऐकून सुखाने डोळे मिटायचे.

गावात मी कळकट कपड्यांत सायकलने यायचो, पहाटे तालमीत जाऊन हौदा उकरायचो, मातीत ताक आणि हळद मिसळायचो. वस्ताद कट्ट्यावर बसून बघायचे. एकदा त्यांनी माझं सोललेलं कोपर धरलं.

"कुठं धडपडलास?"

"सायकलवरनं, वस्ताद."

"मागल्या म्हैन्यात पाठ सोलली ती?"

"ती बी सायकलवरनंच."

"मग ईक की ती सायकल," वस्ताद म्हणाले आणि पोरांना जोर मोजायला लागले.

मग पाऊस लागला आणि आमचे दिवस फिरले. मैदानं चिखलात गेली. अण्णांनी एका बंद पडलेल्या थेटरात खेळ लावले, तर खुर्च्यांवर माणसांपेक्षा ढेकूण जास्त. त्यात अस्लमला मुंबईहून सिनेमाचं बोलावणं आलं. तो रडत रडत गेला आणि जाताना सोनेरी झूल घडी करून ठेवून गेला. त्याच्या जागी अण्णांनी हार्डवेअरच्या दुकानातला पुतण्या वज्रकेसरी केला. त्याने पहिलीच उडी मारली ती दोरांत पाय अडकून उलटा लोंबकळला, आणि मला, महिषासुराला, अर्धवट सुटलेल्या साखळीसकट जाऊन त्याला सोडवावं लागलं. लोक हसून लोळले, पण पुन्हा आले नाहीत. फळ्या लग्नाच्या स्टेजला भाड्याने गेल्या. शैलावहिनींनी बुरखा धुऊन ट्रंकेत ठेवला.

गणपती उठल्यावर अस्लम परत आला.

"काय झालं सिनेमाचं?" अण्णांनी विचारलं.

"पहिल्याच सीनमध्ये मेलो. पालथा. तोंडसुद्धा दिसलं नाही."

आम्ही इतके हसलो की त्यालाही हसू आलं. वहिनींनी त्याच संध्याकाळी झुलीला नवी जर लावली. दिवाळीनंतर खेळ पुन्हा उभे राहिले, आणि एके दिवशी अण्णा नाचतच आले.

"सगळ्यांत मोठं आमंत्रण. म्हसोबाची जत्रा. दुपारी खऱ्या कुस्त्यांचं मैदान, संध्याकाळी आपण."

ती आमच्याच गावची जत्रा होती.

मी नाही म्हणालो. अण्णा एवढंच म्हणाले, "भैरू, या जत्रेत उभे राहिलो तर पुढचं वर्ष उभे राहू. नाहीतर मी पुन्हा लग्नाचे खांब रोवतो. तुझ्यावर जबरदस्ती नाही." ज्या माणसाने मला गुडघ्यासकट पदरात घेतलं, त्याला नाही कसं म्हणायचं? बुरखा होता, साखळी होती. मी मनाची समजूत घातली.

जत्रेच्या दिवशी दुपारी वस्ताद मैदानात पंच होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरंशुभ्र धोतर, डोक्याला गुलाबी फेटा. ऊन उतरलं, कुस्त्या संपल्या, आणि लोक तसेच आमच्या रिंगणाभोवती सरकले. पहिल्या रांगेत मधली खुर्ची वस्तादांची. मी पडद्याच्या फटीतून बघितलं आणि बुरख्याची गाठ पुन्हा आवळली.

मला साखळीने ओढत आणलं. एरवी पोरं किंचाळायची. इथे मात्र सगळे हाताची घडी घालून बसलेले. हा गावच कुस्तीत मुरलेला. तासाभरापूर्वी त्यांनी खऱ्या कुस्त्या बघितल्या होत्या. अस्लमने पहिली लाथ उगारली, आणि मागून आवाज आला.

"लागली न्हाई."

हशा पिकला. दुसरा ओरडला, "नुरा हाय." मग तो शब्द सगळीकडून यायला लागला. नुरा, नुरा. एक ढेकूळ येऊन अस्लमच्या झुलीवर फुटलं. कोणी म्हणालं, फळ्या काढा. कोणी म्हणालं, बुरखा काढा, बगू कोण हाय त्यो. अण्णांचा भोंग्यावरचा आवाज फाटला. चार-पाच तरणे गडी खरोखरच रिंगणाकडे निघाले.

तेव्हा वस्ताद उठले.

गडी जागच्या जागी थांबले. वस्ताद सावकाश पायऱ्या चढून आले. फेटा काढून त्यांनी अण्णांच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला, अंगरखा उतरवला. अस्लम एका कोपऱ्यात सरकून उभा राहिला.

"साखळी काढा त्येची," वस्ताद म्हणाले. "बांधलेल्या माणसासंगं मी कुस्ती करत न्हाई."

अण्णांनी साखळी सोडली. आता मोकळा झालेला माझा हात काय करणार, ते तुम्हाला ठाऊक आहेच. तो खाली गेला, ताडपत्रीला लागला, छातीला, कपाळाला. आणि तिथे न थांबता पुढे वस्तादांच्या पायांना लागला.

वस्तादांनी शड्डू ठोकला. मांडीवर पडलेल्या त्या थापेचा आवाज पूर्वीसारखाच होता. त्यांनी माझ्या मानेवर हात टाकला, आणि मला रडू आलं. आवाज तोच होता, पण हातात काही उरलं नव्हतं. ज्या हाताने माझी मान लहानपणी जमिनीपर्यंत वाकवली, तो आता माझ्या मानेवर नुसता ठेवलेला होता. त्यांनी ढाक लावायला पाय घातला. ढाक म्हणजे त्यांचा नावाजलेला डाव. काखेतून हात घालायचा, पायाने उचलायचं आणि कमरेवरून फेकायचं. तरुणपणी त्यांनी याच डावावर भलेभले लोळवले होते. त्यांचा पाय माझ्या पायाला लागला, थरथरला आणि तिथेच अडला.

मी उभा राहिलो तर सगळ्या गावापुढे वस्ताद म्हातारे ठरणार. मी नुसता पडलो, तर या गावाला ते तत्काळ दिसणार, आणि ज्यांनी जन्मात नुरा केली नाही, त्यांच्या नावावर ती लागणार. विचार करायला वेळ नव्हता. मी श्वास सोडला, हनुवटी छातीला लावली आणि उडालो.

वर्षभर अस्लमने जे जे शिकवलं ते सगळं मी त्या एका पडण्यात घातलं. त्यांच्या पायाने मी उचलला गेलो, त्यांच्या कमरेवरून फिरलो, दोन्ही पाय आभाळात, आणि पाठ अशी फळीला लागली की भोंगा खांबावरून निसटला. दुखऱ्या गुडघ्यातून कळ गेली, ती मी गिळली.

गाव उठला. हलगी कडाडली, फेटे हवेत गेले. मघाशी फळ्या काढायला निघालेले गडीच दोरांना धरून नाचत होते. "ढाक. वस्तादांची ढाक," म्हणून म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते. अण्णा पंचाला बाजूला सारून स्वतःच तीन आकडे मोजत होते.

वस्ताद माझ्या छातीवर होते. धाप लागली होती त्यांना. तोंड माझ्या कानाशी आलं.

"खोटं पडलास न्हवं?"

"न्हाई, वस्ताद."

"खोटं बोलू नगंस." त्यांनी श्वास घेतला. "पर काय पडलास, लेका."

मग त्यांनी मला हात देऊन उठवलं, बुरख्यावरून डोक्यावर हात फिरवला आणि खाली उतरले. त्यानंतर अस्लमने मला तीनदा आपटलं, आणि तेच लोक प्रत्येक वेळी बोंब ठोकून ओरडले. नुरातला 'नु'ही कोणी काढला नाही. ज्याला वस्तादांनी हात लावला, तो खोटा कसा असेल?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो. आत शिरताच नजर भिंतीवर गेली. माझी खुंटी रिकामी होती.

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. मनात म्हटलं, बरोबर आहे, नियम तो नियम. आता कागदात गुंडाळलेलं पुडकं घरी पोचलं असेल. आई काय करील त्याचं, याचाच विचार करत होतो, तेवढ्यात मागच्या अंगणातून वस्तादांची हाक आली.

"भैरू, आलास व्हय? पिळायला हात लाव."

मागे गेलो. वस्ताद दगडावर बसले होते, पुढ्यात भिजल्या धोतराची बादली. दोरीवर माझा लंगोट वाळत होता. त्याच्या शेजारी, दोन्ही शिंगं खाली करून, माझा बुरखा.

"हा कुठनं आणला?" मी विचारलं.

"तुझ्या त्या अण्णाकडनं मागून घेतला. दोनीला बी वास मारत हुता. माणसानं येक तरी धुवावं."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो. "कवा वळीकलं मला?"

"पैल्या दिशी. जयसिंगपूरला बाजाराला गेलतो. बोर्ड बगितला, म्हटलं बगू काय सोंग हाय. मागं हुबा हुतो. तुझी चाल मला कळंना व्हय?"

"मग माझा लंगोट..."

"काढायलाच निगालो हुतो तितनं," वस्ताद म्हणाले. "पर तू आत शिरलास आन् खाली हात लावलास. तोंडाला शिंगं, आन् खाली हात लावून नमस्कार. आता अशा माणसाचा लंगोट काढायचा कसा, सांग मला तू." ते हसायला लागले. "मागनं ऐकलं, साखळी घालत्यात म्हणून. मला वाटलं, आपल्या पोराला धरून-बांधून नेत्यात का काय. म्हणून काल सोडाय लावली."

ज्या नमस्काराने आमचा पहिला खेळ बुडाला, ज्याच्यापायी अण्णांनी मारक्या बैलाची साखळी आणली, त्याने वर्षभर माझी खुंटी राखली होती. मी त्यांच्या हातातला पिळा घेतला आणि पिळत बसलो. वस्ताद त्यांचा उजवा हात बघत होते, मूठ उघडत होते, मिटत होते.

"काल उचललं न्हाई मी तुला," ते हळूच म्हणाले. "ठाव हाय मला."

"वस्ताद..."

"ऐक. गावाला कळलं न्हाई, ते तुझ्या पडण्यामुळं. जलमभर मी पोरांना एकच शिकीवलं, पाठ लागू द्यायची न्हाई. आन् लागली की पोरगं हात मोडून घेतंय, गुडघा मोडून घेतंय. तुझा मोडला." त्यांनी बादली कलंडवून पाणी फेकलं. "उद्यापास्नं सकाळी पोरं तुझ्याकडं. त्यास्नी पडाय शिकीव. मला ते कवा जमलं न्हाई."

आतून पोरांचे जोर मोजल्याचे आवाज यायला लागले होते. मी उठलो, अर्धवट वाळलेला लंगोट दोरीवरून काढला आणि खुंटीला अडकवायला निघालो.

"आन् त्यो?" वस्तादांनी बुरख्याकडे बोट केलं.

"त्यो अण्णाकडं जाईल. ट्रंकेत."

"ट्रंकेत कशाला? खुंटी मोठी हाय," वस्ताद म्हणाले.